वाचकांचे प्रश्न : पॉटकेटचा बेसबॉल संघ, त्याचा उत्कर्ष आणि त्याचे स्थलांतर

गेल्या अंकातील क्रीडाकोड्यात आम्ही एक प्रश्न विचारला होता : व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासात सर्वाधिक डाव चाललेला सामना कोणत्या शहरात झाला? उत्तर होते, अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील पॉटकेट. त्या उत्तरासोबत 'हा संघ आता त्या शहरात नाही' एवढी एक ओळ आम्ही छापली होती आणि त्या ओळीवर कोड्याहून अधिक पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत.

पॉटकेट रेड सॉक्स आणि बोस्टन रेड सॉक्स हे एकच संघ आहेत की वेगळे? 'मायनर लीग' म्हणजे आपल्याकडच्या रणजीसारखी स्पर्धा समजावी का? (एक वाचक, पुणे)

संघ दोन, पण त्यांचे नाते एवढे घट्ट होते की एकाला सोडून दुसऱ्याविषयी बोलता येत नाही. रणजीशी तुलना मात्र दिशाभूल करील. रणजीचा संघ आपल्या राज्य संघटनेचा असतो, त्याचे खेळाडू ती संघटना निवडते आणि त्याला स्वतःसाठी जिंकायचे असते. मायनर लीगच्या संघातील खेळाडू त्या संघाचे नसतातच. ते वरच्या, म्हणजे मेजर लीगमधील, पालक संघाचे पगारी नोकर असतात आणि त्यांना घडवण्यासाठी किंवा दुखापतीनंतर सूर परत मिळवण्यासाठी खाली पाठवलेले असते. कोणाला खेळवायचे, कोणाला किती वेळ पिचिंग (फलंदाजाकडे चेंडू टाकण्याचे काम) करू द्यायचे आणि कोणाला उद्या सकाळच्या विमानाने वर बोलवायचे, हे सारे पालक संघ ठरवतो. आज मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येकाच्या हाताखाली चार पायऱ्यांवर चार संलग्न संघ खेळतात. सर्वांत वरच्या पायरीला 'ट्रिपल ए' म्हणतात. पॉटकेटचा संघ १९७३ पासून या पायरीवर होता.

ही साखळी अपघाताने तयार झाली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छोट्या शहरांतील संघ स्वतंत्र असत. ते आपले चांगले खेळाडू मोठ्या संघांना विकत आणि त्यातून गुजराण करत. सेंट लुईस कार्डिनल्सचे व्यवस्थापक ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकापासून असे लहान संघ थेट आपल्या ताब्यात आणण्यास आरंभ केला, कारण खेळाडू विकत घेण्यापेक्षा तो स्वतः तयार करणे स्वस्त पडत होते. इतर मोठ्या संघांनी तोच मार्ग धरला आणि लहान शहरांचे संघ हळूहळू मोठ्या संघांच्या रोपवाटिका बनले.

याचा प्रेक्षकांवर काय परिणाम होतो ते १९७४ च्या मोसमात पाहावे. त्या वर्षी पॉटकेटच्या जिम राइसने इंटरनॅशनल लीगमध्ये, म्हणजे पॉटकेट खेळत असलेल्या ट्रिपल ए स्पर्धेत, फलंदाजीची सरासरी, होमरन (कुंपणापलीकडे मारलेले फटके) आणि संघाला मिळवून दिलेल्या धावांची संख्या अशा तिन्ही बाबतींत पहिला क्रमांक मिळवला. पॉटकेटला याचे बक्षीस एवढेच मिळाले, की ऑगस्टमध्ये राइसला बोस्टनने बोलावून घेतले. आपला सर्वोत्तम खेळाडू नाहीसा होणे म्हणजे आपल्या संघाने काम नीट केल्याची पावती, हे मानून घेतल्याशिवाय मायनर लीगच्या संघावर प्रेम करताच येत नाही.

आर्थिक वाटणीही लक्षात घ्यावी, कारण पुढील सगळ्या घडामोडींचे मूळ तिच्यात आहे. खेळाडू आणि प्रशिक्षक यांचा पगार पालक संघ देतो. स्थानिक मालकाकडे संघ चालवण्याचा परवाना असतो आणि तिकिटे, खाद्यपदार्थ, जाहिराती यांच्या उत्पन्नावर त्याचा व्यवसाय चालतो. मैदान बहुधा नगरपालिकेचे असते. म्हणजे खेळाडू एकाचे, परवाना दुसऱ्याचा आणि शहराच्या हाती केवळ मैदान.

पॉटकेटसारख्या लहान गावाला एवढ्या वरच्या पायरीचा संघ कसा मिळाला? (एक वाचक, सोलापूर)

आपण सोलापूरचे असल्याने या शहराची कथा आपल्याला परकी वाटणार नाही. सॅम्युएल स्लेटर नावाच्या इंग्रज कारागिराने १७९० साली पॉटकेट येथे ब्लॅकस्टोन नदीच्या पाण्यावर चालणारी सूतकताई सुरू केली आणि १७९३ मध्ये तेथे उभी राहिलेली गिरणी आजही जपलेली आहे. अमेरिकेच्या कारखानदारीचा आरंभ येथून झाला असे मानले जाते. पुढे शंभराहून अधिक वर्षे हे गिरण्यांचे शहर होते. विसाव्या शतकात कापडधंदा दक्षिणेतील राज्यांकडे सरकला आणि मुंबईच्या गिरणगावाच्या वाट्याला जे पुढे आले ते पॉटकेटने काही दशके आधी भोगले : बंद इमारती, कमी होत जाणारी माणसे आणि जुन्या वैभवाची सतत आठवण.

मैदानाचा जन्म महामंदीच्या काळातला. महापौर थॉमस मॅकॉय यांनी बेरोजगारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून एका दलदलीच्या जागी स्टेडियम बांधायला घेतले. जमीन भरून काढण्यात खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला आणि विरोधकांनी या प्रकल्पावर भरपूर टीका केली. पण १९४२ मध्ये स्टेडियम उभे राहिले आणि पुढे त्याला मॅकॉय यांचेच नाव मिळाले. महायुद्धानंतर तेथे 'पॉटकेट स्लेटर्स' नावाचा संघ चार मोसम खेळला, १९६६ व १९६७ मध्ये क्लीव्हलँडशी संलग्न असलेला एक संघ आला आणि गेला. १९७० मध्ये बोस्टन रेड सॉक्सने आपला दुसऱ्या पायरीचा संघ येथे आणला आणि १९७३ मध्ये वरच्या पायरीचा संघ केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरातून हलवून येथे ठेवला. बोस्टनचे मैदान येथून सुमारे ७० किलोमीटरवर आहे. एखाद्या खेळाडूला दुपारी निरोप गेला तर संध्याकाळच्या सामन्याला तो वर हजर होऊ शकत असे आणि ही सोय पालक संघाला फार मोलाची होती. पहिल्याच मोसमात, १९७३ मध्ये, संघाने लीगचा गव्हर्नर्स कप जिंकला.

हा संघ एकदा दिवाळखोर झाला होता असे वाचले. मग तो एवढा लोकप्रिय कसा झाला? (एक वाचक, इचलकरंजी)

दिवाळखोर झाला हे खरे आहे. पहिल्या वर्षीच्या विजेतेपदानंतरही प्रेक्षक वाढले नाहीत, मालक बदलले, १९७६ मध्ये संघाचे नाव बदलून 'ऱ्होड आयलंड रेड सॉक्स' करून पाहिले, तरी देणी वाढतच गेली आणि त्या मोसमानंतर लीगने परवाना काढून घेतला. संघ दुसऱ्या राज्यात जाणार हे जवळजवळ ठरले होते.

तेव्हा बेन मॉन्डॉर पुढे आले. या माणसाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण पॉटकेटच्या संघाचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशी त्यांच्या तेहतीस वर्षांचा इतिहास आहे. मॉन्डॉर कॅनडातील क्वेबेकमध्ये जन्मले, लहानपणी कुटुंबासह ऱ्होड आयलंडमधील वूनसॉकेट या गिरण्यांच्या गावी आले आणि पुढे डबघाईला आलेल्या कापड गिरण्या विकत घेऊन त्या सावरण्याच्या व्यवसायात त्यांनी पैसा मिळवला. पन्नाशी ओलांडल्यावर ते निवृत्त झाले होते. बँकेत काम करणारे माजी मेजर लीग पिचर चेट निकल्स यांनी त्यांना १९७७ च्या आरंभी हा बुडालेला संघ घेण्यास राजी केले. बेसबॉलच्या व्यवसायाचा त्यांना कोणताही पूर्वानुभव नव्हता. बुडती गिरणी कशी सावरायची हे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते.

पहिल्या मोसमात संघ गुणतक्त्यात अव्वल राहिला, तरी साऱ्या वर्षात सुमारे ७० हजार प्रेक्षक आले, म्हणजे एका सामन्याला सरासरी जेमतेम हजार. विजयांनी प्रेक्षक येत नाहीत हे त्यामुळे स्पष्ट झाले. मॉन्डॉर आणि त्यांनी नेमलेले तरुण व्यवस्थापक माइक टॅम्बुरो यांनी मग मैदानाकडे लक्ष वळवले. मैदान स्वच्छ केले, तेथील दारूबाजी आणि दंगा बंद केला, वाहनतळासाठी पैसे घेतले नाहीत आणि तिकीट एवढे कमी ठेवले की कामगार कुटुंबाला चार मुलांसह येता यावे. ही दिखाऊ औदार्याची गोष्ट नव्हती. त्यामागे हिशेब होता : खेळाडू आपले नाहीत, ते कधी जातील याचा नेम नाही, तेव्हा लोकांनी परत यावे असे वाटत असेल तर खेळाडूंखेरीज दुसरे काहीतरी कायमचे द्यावे लागेल. कायमचे होते ते मैदान आणि तेथे मिळणारी वागणूक. माझ्या मते एवढी नेमकी समज असलेले मालक कोणत्याही खेळात विरळच.

मॅकॉय स्टेडियमची एक विशेष प्रथा या काळात रुजली. तेथे खेळाडूंची बसण्याची जागा प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेच्या बरोबर खाली, जमिनीच्या पातळीवर होती, त्यामुळे वरून खेळाडू दिसत नसत आणि हातही पोहोचत नसे. मुलांनी यावर उपाय शोधला. दुधाची रिकामी प्लास्टिकची बरणी कापायची, तिच्यात चेंडू आणि पेन ठेवायचे आणि दोरीने ती खाली सोडायची. खेळाडू सही करून दोरीला हिसका देई आणि मूल बरणी वर ओढून घेई. पुढे ज्यांची सही मिळवणे अशक्य झाले, अशा कितीतरी खेळाडूंनी येथे अशा बरण्यांतील चेंडूंवर सह्या केल्या आहेत. वेड बॉग्ज, रॉजर क्लेमेन्स, मो वॉन, नोमार गार्सियापारा, डस्टिन पेड्रोया, मूकी बेट्स हे सर्व या मैदानावरून वर गेले.

१९८२ मधील एक संध्याकाळही सांगण्याजोगी आहे. एके काळी साऱ्या अमेरिकेचा लाडका असलेला आणि नंतर खांद्याच्या दुखापतीने मागे पडलेला पिचर मार्क फिड्रिच तेव्हा पॉटकेटकडून पुन्हा उभे राहण्याचा प्रयत्न करत होता. १ जुलै रोजी न्यूयॉर्क यांकीजच्या संलग्न संघाच्या डेव्ह रिगेटीविरुद्ध तो उतरला, तेव्हा मॅकॉयमध्ये नऊ हजारांहून अधिक लोक होते. फिड्रिचने पूर्ण सामनाभर एकट्याने पिचिंग केले आणि सामना जिंकला. तो पुन्हा मेजर लीगमध्ये पोहोचू शकला नाही, पण पॉटकेटने त्याला शेवटचा मोठा जल्लोष दिला.

१९९०च्या दशकाअखेर राज्य सरकारच्या मदतीने मैदानाचा विस्तार झाला, प्रेक्षकक्षमता सुमारे दहा हजारांवर गेली आणि २००५ मध्ये एका मोसमात सुमारे ६ लाख ८८ हजार प्रेक्षकांनी हजेरी लावली. स्वतः पॉटकेटची लोकसंख्या तेव्हा सत्तर-पंच्याहत्तर हजार होती.

३३ डावांच्या सामन्याची हकीकत सविस्तर द्यावी. एवढा वेळ सामना थांबवला कसा नाही? (एक वाचक, पणजी)

बेसबॉलमध्ये सामान्यतः नऊ डाव असतात आणि बरोबरी मान्य नसते. नवव्या डावाअखेर गुण समान असतील तर एकेक डाव वाढवत न्यायचा असतो. १८ एप्रिल १९८१, शनिवार, ईस्टरची पूर्वसंध्या. पॉटकेटविरुद्ध बाल्टिमोर ओरिओल्सशी संलग्न असलेला रॉचेस्टर रेड विंग्ज. दिव्यांच्या बिघाडामुळे सामना सुमारे अर्धा तास उशिरा सुरू झाला. उपस्थिती होती १,७४०. सातव्या डावात रॉचेस्टरने एक धाव घेतली, नवव्यात पॉटकेटने बरोबरी साधली आणि त्यानंतर वीस डाव पूर्ण होईपर्यंत कोणीच धाव करू शकला नाही. कडाक्याची थंडी होती आणि वारा मैदानाबाहेरून आत वाहत होता, त्यामुळे उंच मारलेला चेंडू कुंपण ओलांडण्याऐवजी आतच पडत होता. एकविसाव्या डावात रॉचेस्टरने दुसरी धाव घेतली. सारे घरी जायच्या तयारीत असताना वेड बॉग्जने फटका मारून पुन्हा बरोबरी केली. या फटक्याबद्दल आपल्याला मिठी मारावी की ठोसा लगावावा हे सहकाऱ्यांना कळेना, असे बॉग्ज पुढे सांगत असे.

थांबवला का नाही, या आपल्या प्रश्नाचे उत्तर मोठे विलक्षण आहे. लीगमध्ये मध्यरात्रीनंतर ठरावीक वेळेला नवा डाव सुरू न करण्याचा नियम होता, परंतु त्या वर्षी पंचांच्या हाती असलेल्या नियमपुस्तिकेत तो छापायचा राहिला होता. पंचांनी पुस्तिकेप्रमाणे सामना चालू ठेवला. पॉटकेटच्या व्यवस्थापनाने लीगचे अध्यक्ष हॅरल्ड कूपर यांना दूरध्वनी करण्याचा सतत प्रयत्न केला, पण संपर्क होईपर्यंत पहाट झाली. तोवर खेळाडू तुटलेल्या बॅटी आणि बाकांची लाकडे पिंपात पेटवून शेकत होते. रॉचेस्टरचा डेव्ह हपर्ट ३१ डाव यष्टीरक्षकासारखा बसून चेंडू झेलत राहिला. त्यांचाच जिम उंबार्गर तेविसाव्या डावात आला आणि त्याने दहा डाव एकही धाव न देता टाकले. पॉटकेटचा प्रशिक्षक जो मॉर्गन याला पंचांनी बाविसाव्या डावात हुज्जतीबद्दल बाहेर काढले, तेव्हा त्याने उरलेला खेळ आडोशाच्या एका भोकातून पाहिला. कूपर यांनी सांगितले की चालू डाव संपताच थांबा. पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, ३२ डावांनंतर, २-२ अशा बरोबरीत खेळ थांबला. मैदानात १९ प्रेक्षक उरले होते आणि त्या सर्वांना मोफत प्रवेशपत्रे देण्यात आली. पॉटकेटचा पिचर लुईस अपॉन्टे आपले काम दहाव्या डावात संपवूनही पहाटे घरी पोहोचला, तेव्हा इतका वेळ बेसबॉल खेळत होतो या त्याच्या सांगण्यावर बायकोचा विश्वास बसेना. त्याच दिवशी, रविवारी, दोन्ही संघांना पुढचा सामना खेळायचा होता आणि तो त्यांनी खेळला.

उरलेला खेळ २३ जून रोजी, रॉचेस्टरच्या पुढील दौऱ्यात ठेवला गेला. दरम्यान १२ जूनपासून मेजर लीगच्या खेळाडूंनी संप पुकारला होता आणि देशभरातील क्रीडा पत्रकारांना लिहायला सामनेच नव्हते. ते सर्व पॉटकेटमध्ये येऊन थडकले. ५,७४६ प्रेक्षकही आले. अवघ्या १८ मिनिटांत निकाल लागला. तेहतिसाव्या डावात पॉटकेटने तिन्ही बेस भरले, म्हणजे धावेच्या वाटेवरील तिन्ही थांब्यांवर त्यांचे खेळाडू उभे होते, आणि डेव्ह कोझाच्या फटक्यावर मार्टी बॅरेटने विजयी धाव पूर्ण केली. पॉटकेट ३, रॉचेस्टर २. एकूण खेळाचा वेळ ८ तास २५ मिनिटे.

त्या सामन्यात दोन्ही संघांचे तिसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षण करणारे खेळाडू पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील श्रेष्ठ खेळाडूंच्या सन्मानदालनात, गेले : पॉटकेटचा बॉग्ज आणि रॉचेस्टरचा कॅल रिपकेन, ज्याने पुढे मेजर लीगमध्ये सलग २,६३२ सामने खेळण्याचा विक्रम केला. विजयी फटका मारणारा कोझा मात्र मेजर लीगमध्ये एकदाही खेळला नाही. रॉचेस्टरचा डॅलस विल्यम्स त्या सामन्यात १३ वेळा फलंदाजीला येऊन एकदाही यशस्वी झाला नाही, हेही नोंदले गेले आहे. मला या सामन्याचे महत्त्व विक्रमाहून अधिक यात वाटते की, वरच्या लीगमध्ये कधीही न पोहोचणाऱ्यांनी थंडीत, रिकाम्या मैदानात, पगार किंवा प्रसिद्धी वाढण्याची कोणतीही शक्यता नसताना ३२ डाव चोख खेळ केला.

एवढा इतिहास असताना संघ शहर सोडून का गेला? दोष मालकांचा की सरकारचा? (एक वाचक, ठाणे; याच आशयाचे प्रश्न कोल्हापूर व बेळगाव येथूनही आले आहेत)

मॉन्डॉर यांचे ऑक्टोबर २०१० मध्ये निधन झाले. त्यानंतरही संघ मैदानावर उत्तम खेळत होता. २०१२ आणि २०१४ मध्ये त्याने गव्हर्नर्स कप जिंकला. फेब्रुवारी २०१५ मध्ये मॉन्डॉर कुटुंबाने संघ एका गटाला विकला. या गटाचे नेतृत्व बोस्टन रेड सॉक्सचे अध्यक्ष राहिलेले लॅरी लुकीनो आणि ऱ्होड आयलंडमधील वकील जेम्स स्केफिंग्टन यांच्याकडे होते. विक्रीबरोबरच त्यांनी जाहीर केले की संघ पॉटकेट सोडून शेजारच्या प्रॉव्हिडन्स या राजधानीत नदीकाठी नव्या मैदानावर खेळेल आणि त्यासाठी राज्याने ३० वर्षांत मिळून सुमारे १२ कोटी डॉलर द्यावेत.

हा प्रस्ताव कोणत्या वातावरणात आला हे समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही. २०१० मध्ये ऱ्होड आयलंडने बोस्टन रेड सॉक्सचे माजी पिचर कर्ट शिलिंग यांच्या '३८ स्टुडिओज' या व्हिडिओ गेम कंपनीला साडेसात कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली होती. कंपनी २०१२ मध्ये बुडाली आणि बोजा करदात्यांवर आला. तीन वर्षांनी बेसबॉलचीच माणसे पुन्हा सरकारी पैसा मागायला आली, तेव्हा लोकांचा संताप होणे अगदी स्वाभाविक होते. त्यात मे २०१५ मध्ये स्केफिंग्टन यांचे अचानक निधन झाले आणि सप्टेंबरपर्यंत प्रॉव्हिडन्सचा बेत गुंडाळावा लागला.

मग मालक पॉटकेटकडे परतले. २०१७ मध्ये स्लेटरच्या जुन्या गिरणीजवळ ८ कोटी ३० लाख डॉलरचे नवे मैदान बांधण्याची योजना मांडली गेली : संघाने साडेचार कोटी, राज्याने २ कोटी ३० लाख आणि शहराने दीड कोटी उभारायचे. जानेवारी २०१८ मध्ये राज्याच्या सिनेटने ती मंजूर केली. प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष निकोलस मॅटिएलो यांच्या सभागृहाने मात्र जूनअखेर वेगळाच मसुदा संमत केला, ज्यात कर्जाच्या मागची राज्याची हमी काढून टाकली होती. त्यामुळे करदात्यांवरचा धोका कमी झाला, पण कर्ज महागले. गव्हर्नर जीना रायमॉन्डो यांनी त्यावर स्वाक्षरी केली. संघाला तो मान्य झाला नाही. १७ ऑगस्ट २०१८ रोजी लुकीनो यांनी मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर शहराशी करार झाल्याचे जाहीर केले.

दोष कोणाचा या प्रश्नाला मी टाळाटाळ करणारे उत्तर देणार नाही. आमदारांची भीती खोटी नव्हती. सार्वजनिक पैशाने बांधलेली क्रीडासंकुले तो पैसा क्वचितच परत मिळवून देतात, यावर बहुतेक अर्थतज्ज्ञांचे एकमत आहे. वूस्टरनेही ते अनुभवले : तेथील मैदानाचा खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या पुष्कळ पुढे जाऊन सुमारे १६ कोटी डॉलरवर पोहोचला. परंतु मूळ घाव २०१५ मधला आहे, असे माझे ठाम मत आहे. चाळीसहून अधिक वर्षे ज्या शहराने संघ सांभाळला त्याला, संघ विकत घेताक्षणी, 'आम्ही निघालो' असे सांगणाऱ्या मालकांवर पुढे कोणीही विश्वास ठेवला नाही, आणि दोन वर्षांनी आणलेला पॉटकेटचा प्रस्ताव बराच बरा असूनही त्या अविश्वासाखाली दबला. तोवर प्रेक्षकही पूर्वीचे राहिले नव्हते. मोसमाची उपस्थिती चार लाखांच्या आसपास आली होती. प्रेक्षक कमी झाले म्हणून जावे लागते, असे मालक म्हणत राहिले. मालक जाणारच आहेत म्हणून आम्ही येत नाही, असे अनेक प्रेक्षकांचे म्हणणे होते. मला दुसरे म्हणणे अधिक खरे वाटते.

पॉटकेटला पुन्हा असा संघ मिळेल का? (एक वाचक, लातूर)

नजीकच्या काळात तरी नाही. पॉटकेटमधील अखेरचा मोसम २०२० चा असायचा होता, पण कोविडमुळे त्या वर्षी मायनर लीग खेळलीच गेली नाही. त्यामुळे सप्टेंबर २०१९ मध्ये झालेला घरचा शेवटचा सामना हाच कायमचा शेवटचा ठरला आणि प्रेक्षकांना निरोप घ्यायची संधी मिळाली नाही. २०२० च्या उन्हाळ्यात व्यवस्थापनाने मैदानाच्या हिरवळीवर टेबले मांडून लोकांना जेवायला बोलावले. शेकडो कुटुंबे आली. २०२५ मध्ये मॅकॉय स्टेडियम पाडण्यात आले. त्या जागी शहराच्या दोन माध्यमिक शाळा एकत्र करून नवी शाळा उभारली जात आहे. त्याच वर्षी नदीकाठी फुटबॉलचे नवे मैदान सुरू झाले, तेही सरकारी मदतीने.

शिवाय मायनर लीगची रचनाच बदलली. २०२० च्या अखेरीस मेजर लीगने जुना करार संपवून संलग्न संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली, त्यांना दहा वर्षांचे परवाने दिले आणि मैदानांसाठी कडक निकष घातले. सुमारे चाळीस गावांनी आपले संलग्न संघ एका निर्णयात गमावले. निकष पाळण्याचा खर्च स्थानिक मालकांना पेलवेना, म्हणून अनेकांनी संघ विकले. डायमंड बेसबॉल होल्डिंग्ज या एकाच कंपनीकडे आज चाळीसहून अधिक संघ आहेत आणि २०२३ च्या अखेरीस वूस्टरचा संघही तिनेच घेतला. खेळाडूंच्या बाजूने मात्र एक चांगला बदल झाला : २०२३ मध्ये त्यांच्या संघटनेने पहिला सामूहिक करार केला आणि ट्रिपल एचे किमान वार्षिक वेतन १७,५०० वरून ३५,८०० डॉलर झाले. इतकी वर्षे ते त्याच्या निम्म्यावर खेळत होते, ही या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत अन्यायकारक बाब होती आणि तिच्याविषयी फार उशिरा बोलले गेले.

माझी मुलगी वूस्टरजवळ राहते व उन्हाळ्यात आम्ही तिकडे जाणार आहोत. बेसबॉलची फारशी माहिती नसताना सामना पाहण्यात अर्थ आहे का? (एक वाचक, नाशिक)

अवश्य पाहावा. संघ आता 'वूस्टर रेड सॉक्स' या नावाने मे २०२१ पासून पोलर पार्क येथे खेळतो. मोसम वसंतापासून सप्टेंबरपर्यंत चालतो. सध्याच्या पद्धतीनुसार एकच पाहुणा संघ मंगळवार ते रविवार सहा सामने खेळतो आणि सोमवारी बहुधा सुट्टी असते, त्याप्रमाणे दिवस ठरवावा. बोस्टनच्या सामन्यांपेक्षा तिकीट पुष्कळ स्वस्त असते आणि खेळाडू फार जवळून दिसतात. मैदानावर पिवळ्या हसऱ्या चेहऱ्याचे चित्र जागोजागी दिसेल. ते चित्र हार्वी बॉल या वूस्टरच्याच चित्रकाराने १९६३ मध्ये काढले होते. वूस्टरला बेसबॉल नवा नाही. १८८० ते १८८२ या काळात येथे मेजर लीगचा संघ होता आणि मेजर लीगमधला पहिला 'परफेक्ट गेम', म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या एकाही खेळाडूला बेसवर पोहोचू न देता जिंकलेला सामना, १२ जून १८८० रोजी येथेच ली रिचमंडने टाकला.

एक दिवस पॉटकेटसाठी राखून ठेवावा, ही आमची आग्रहाची विनंती. ब्लॅकस्टोन नदी वूस्टरला उगम पावते आणि पॉटकेटच्या धबधब्याशी संपते. मोटारीने हे अंतर तासाभराचे आहे आणि वाटेतली गिरण्यांची गावे पाहण्यासारखी आहेत. स्लेटरची गिरणी आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहे. ती पाहण्याची वेळ ऋतूनुसार बदलते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.